आधी सातबारा, मग प्रकल्प

शक्तिपीठ महामार्गाच्या निमित्ताने सिंधुदुर्गात जुनाच वाद पुन्हा पेटला आहे. वर्ध्याजवळच्या पवनारहून निघणारा सुमारे ८०० किलोमीटरचा हा रस्ता गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला नेऊन पोचवायचा बेत आहे. याआधी तोंडवळी-वायंगणीचा सी वर्ल्ड प्रकल्प, चिपीचा विमानतळ आणि कळण्याची खाण यांवरूनही हेच झाले होते. दर वेळी तेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गावे ओस पडली, पोरे मुंबई-गोव्याला गेली, काहीतरी मोठे आणा. दुसरा म्हणतो, कोकण परक्यांना विकले जात आहे, काहीच आणू नका. दोघेही तावातावाने बोलतात ते जमिनीबद्दल. पण त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर किती नावे आहेत, त्यांतली किती माणसे हयात आहेत आणि हयात असलेल्यांपैकी किती गावात राहतात, हे विचारायचे दोघांच्याही मनात येत नाही. माझ्या मते जिल्ह्याच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. जो माणूस गावात राहून जमीन कसू पाहतो त्याचा हिस्सा कागदावर वेगळा आणि पक्का होत नाही, तोवर महामार्ग आला काय नि अडवला काय, गावातल्या माणसाच्या हाती फारसे काही लागणार नाही.

आधी हा प्रदेश कसा आहे ते पाहू, कारण वादातल्या निम्म्या चुका नकाशा न पाहिल्यामुळे होतात. उत्तरेला विजयदुर्गाची वाघोटण खाडी, दक्षिणेला तेरेखोल आणि मध्ये सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा. पूर्वेला भिंतीसारखा सह्याद्री, त्यात करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली अशा मोजक्या घाटवाटा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा काढलेला हा जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यात सलग सपाट जमीन शोधून सापडत नाही. किनाऱ्याला माडांची पुळण, मागे खाडीकाठची खाजणे, त्यावर जांभ्याचे उघडे सडे, सड्यांच्या कुशीत मळ्यांचे चिंचोळे पट्टे आणि मग घाटाखालचे रान. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीनेही भागत नाही. पण नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच गावांतल्या बावी तळ गाठतात. अशा भूगोलात प्रत्येक वाडी म्हणजे वेगळे पाणी, वेगळी माती, वेगळे पीक. देवगडच्या कातळावर हापूस साधतो, तो दोडामार्गच्या दमट खोऱ्यात तसा साधत नाही. तिलारीकाठची केळी मालवणच्या वाळूत होणार नाहीत. एकाच मोठ्या गोष्टीने सगळ्या जिल्ह्याचे भले होईल, ही कल्पना या जमिनीवर मुळातच बसत नाही. तरीही ‘कोकणचा कॅलिफोर्निया’ ही घोषणा पिढ्या उलटल्या तरी जात नाही, आणि १९९७ साली ‘पर्यटन जिल्हा’ असे नाव दिल्यावर आता सगळे मार्गी लागेल असेही अनेकांना वाटले होते.

‘ओस पडलेला जिल्हा’ असे म्हणताना ज्या आकड्यांचा आधार घेतला जातो, तेही नीट वाचले पाहिजेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसे होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. त्या दशकात महाराष्ट्रातल्या फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. घट खरी आहे, पण मला तिच्याहून दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. २००१ मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,०३६ उरल्या. वरवर पाहिले तर समतोल सुधारला. पण या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या जास्त का असायची? पुरुष गिरणीत, गोदीत, बोटीवर जायचे आणि घर, गुरे, कुणगे (भाताचे छोटे वाफे) बायका सांभाळायच्या. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या त्या व्यवस्थेत बाईवर अन्याय होता यात शंका नाही, पण घराचे दार उघडे असायचे आणि चुलीतून धूर निघायचा. आता जो जातो तो बायकामुलांसकट जातो आणि त्याच वेळी बाहेरचे मजूर पुरुष जिल्ह्यात येतात. गुणोत्तर घसरण्यामागे या दोन्ही गोष्टींचा हात असणार, असा माझा तर्क आहे. म्हणजे आपण ज्याला नुसते ‘स्थलांतर’ म्हणतो, त्याची जात बदलली आहे. पूर्वी माणूस जमिनीसाठी बाहेर जायचा, आता जमीन मागे टाकून जातो.

मोठे प्रकल्प मागणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. रात्री-अपरात्री कुणाला हृदयविकाराचा झटका आला तर नातेवाईक आजही गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता धरतात, आणि २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा या जिल्ह्याची झोप उडाली. शिकलेल्या मुलाला गावात राहायचे असते, पण मुलगी द्यायला कुणी तयार नसते. ‘हय रवान काय करतलस?’ हा प्रश्न आईच मुलाला विचारते आणि तिच्यापाशी दुसरे काही सांगण्यासारखे नसते. पर्यटनाने काहीच दिले नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. तारकर्ली-देवबागच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार, कुटुंबांनी आपल्याच घराच्या दोन खोल्या निवास-न्याहारीला देऊन मुलांची शिक्षणे केली आहेत. पर्यावरणाच्या नावाने हे सगळे धुडकावून लावणारा माणूस बहुधा ठाण्या-डोंबिवलीत राहणारा असतो, हा त्यांचा टोमणाही पुष्कळदा खरा असतो. ज्याला इथे बाराही महिने काढायचे आहेत, त्याच्या घाईला किंमत दिलीच पाहिजे.

पण ‘इथे काम नाही’ हे त्यांचे मूळ गृहीतकच तपासून पाहायला हवे. देवगडच्या आंबा बागांची राखण करायला नेपाळी माणसे का येतात? चिरेखाणींवर परप्रांतातले मजूर का राबतात? ट्रॉलरवर खलाशी बाहेरून का आणावे लागतात? काम आहे, हंगामात तर ते करायला हात पुरत नाहीत. नाही आहे ती एवढीच गोष्ट की इथल्या मुलाला त्या कामातून मालक होण्याचा मार्ग दिसावा. दुसऱ्याच्या बागेत रोजंदारी करायची, तर तेवढ्या कष्टात मुंबईत जास्त सुटतात. आणि स्वतःची बाग करायची, तर जमीन स्वतःची असूनही त्याची एकट्याची नसते.

एका मोठ्या आधारावर सगळा भार टाकला की काय होते, हे या किनाऱ्याने पूर्वीही अनुभवले आहे. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. पुढे इंग्रजी अमलात हे घाटमाथ्यावरच्या बेळगाव-धारवाडकडच्या मालाचे बंदर झाले, कापसाचे बैल आणि गाड्या घाट उतरून येथे यायच्या. १८८० च्या दशकात मुरगावहून घाटावर रेल्वे गेली आणि माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचे बंदर कुणी बुडवले नाही, पण रस्ता दुसरीकडून गेला आणि गावाचा व्यापार ओसरला. दुसरा आधार मुंबईच्या गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा हा जिल्हा जेमतेम आठ महिन्यांचा होता. संप लांबला, गिरण्या पुन्हा कधी पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि गिरणगावात खोल्या करून राहिलेल्या हजारो कोकणी कामगारांचे पाय गावाकडे वळले, तेव्हा ज्याच्या नावावर गावात भाताचे चार कुणगे आणि दहा माड निर्वेध होते तोच तगला. ज्याची जमीन भावकीच्या भांडणात अडकली होती तो ना इकडचा राहिला ना तिकडचा. चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमान उतरले, आणि सव्वा वर्षात शेजारच्या पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. पुढे चिपीची मुंबई सेवाही अखंड चालली नाही. वेंगुर्ल्याच्या बंदराचे जे झाले त्याचीच ही नवी आवृत्ती नाही का?

याउलट, या जिल्ह्याचे डोंगर खरोखर पालटले ते कशामुळे? १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. खड्डे, कलमे, खत, मजुरी यांचा खर्च सरकारने उचलला आणि वरकस म्हणून पडून राहिलेल्या उतारांवर काजू-आंबा उभा राहिला. तिच्यामागे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे कित्येक वर्षांचे काम होते. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथूनच आल्या, आणि घरामागच्या परसात कलमे बांधण्याचे तंत्र गावोगावच्या रोपवाटिकांनी शिकून घेतले. आज वेंगुर्ल्याच्या काजूला आणि देवगडच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. कुणाची जमीन घेतली गेली नाही, कुणाला उठवले नाही, मोर्चा निघाला नाही, उद्घाटनाला मंत्रीही लागले नाहीत. चार एकर उतार असलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीवर बांधून ठेवणारी यापेक्षा मोठी ‘विकास योजना’ या जिल्ह्याने पाहिलेली नाही, असे मी ठामपणे म्हणेन. पण तिच्या लाभापासून वंचित कोण राहिले? ज्यांच्या सातबाऱ्यावर सामाईक नावे होती आणि सगळ्या हिस्सेदारांचे संमतीपत्र जे आणू शकले नाहीत ते. एक चुलत भाऊ बडोद्याला, एक आत्या वारलेली आणि तिच्या मुलांचा पत्ता नाही, एकाशी वीस वर्षे बोलणे नाही. राबायला तयार असलेला माणूस तलाठ्याच्या दारातून परत फिरला, आणि त्या उतारावर आजही रानमोडीचे तण माजलेले आहे.

हे दुखणे कसे तयार होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यात कुणी एक खलनायक नाही. आजोबांच्या नावाची जमीन तोंडी वाटली जाते. हा व्हाळापलीकडचा तुकडा तुझा, गडग्याअलीकडचा माझा. सगळे जण ते पाळतातही. पण फेरफार होत नाही. पुढच्या पिढीत वारस नोंदी होतात त्या सगळ्यांच्या सगळ्या क्षेत्रावर. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क मिळाला, हे न्यायाचेच झाले. मात्र तोवर न झालेल्या वाटपात नावांची भर पडत गेली. वाटप करून घ्यायचे म्हटले तर जमीन महसूल संहितेचे कलम ८५ आहे, पण त्यासाठी सगळ्यांना हजर करावे लागते आणि मोजणीची तारीख मिळवावी लागते. त्यात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. देशावरच्या सलग शेतांना समोर ठेवून केलेला तो कायदा पायऱ्यापायऱ्यांच्या कुणग्यांना लावला की कित्येक खरे हिस्से कागदावर ‘तुकडे’ ठरतात आणि वेगळे करता येत नाहीत. बरे, वाटप नाही तर निदान कसायला तरी द्यावी, तर तिथे कूळकायद्याची धास्ती. १९४८ च्या त्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला मालक केले. खोतीच्या जाचातून सुटलेल्या कोकणात त्याचे मोल कुणी कमी लेखू नये. पण आज मुंबईत दीडशे चौरस फुटांत राहणारा, गावात अर्धा एकर असलेला निवृत्त कामगार काही खोत नव्हे. कुळाचे नाव लागेल या भीतीने तोही जमीन पडीक ठेवतो. आंब्याची झाडे हंगामापुरती कराराने द्यायला कुणी घाबरत नाही, जमीन द्यायची म्हटली की हात आखडतो. आणि सामाईकपणाचे टोक पाहायचे असेल तर आंबोली, गेळे, चौकुळ पाहावे. सावंतवाडी संस्थानाच्या काळापासूनचा कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावाच्या वतीने कबुलायत लिहून देणाऱ्या गावकरांकडच्या सामाईक जमिनींचा, प्रश्न तिथे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. लोक तिथेच राहिले, कसत राहिले, देवळात मान घेत राहिले आणि कागदावर मात्र त्यांचे काहीच नव्हते.

आता दुसरा तट. ‘परक्यांपासून जमीन वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या भीतीला आधार आहे. दोडामार्गात बाहेरून आलेल्या बागायतदारांनी जंगल तोडून रबर आणि अननस लावले, हे सगळ्यांनी पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीतले साठलेले पाणी फुटून घरादारांत आणि शेतांत चिखल शिरला, तेव्हा खाणीला विरोध करणारे बरोबर होते हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागला नाही. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तो मला योग्यच वाटतो. तरीही मनाई हाच एकमेव मार्ग धरला की काय होते, याचा धडा मालवणनेच दिला आहे. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. ज्यांच्या जाळ्यांखालचा तो समुद्र होता त्यांना विश्वासात घेतले गेले नाही, आणि पुढची कित्येक वर्षे मच्छीमार त्या अभयारण्याकडे शत्रू म्हणूनच पाहत राहिले. याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली तेव्हा त्याच कांदळवनाला स्थानिक राखणदार मिळाले. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी राखणाऱ्याच्या हाती काही देऊ केले होते.

समुद्राचा दाखला मी मुद्दाम देतो, कारण तिथे सातबारा नसूनही हक्काचा प्रश्न तोच आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. तिला शंभराच्या आसपास माणसे लागतात आणि मासळीची वाटणी हातांच्या हिशोबाने होते. कुणाचा किती वाटा हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ती टिकली. पर्ससीन जाळी आली आणि किनाऱ्यालगतचे थवेच्या थवे एका फेरीत उचलले जाऊ लागले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर मर्यादा आल्या, पुढे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली. कागदावर रापणकार जिंकला. पण कर्नाटकातल्या मलपीकडचे वेगवान ट्रॉलर रात्री किनाऱ्याजवळ येतात तेव्हा त्यांना गाठणारी पुरेशी गस्तीनौका नसेल, तर त्या हक्काचे करायचे काय? जमिनीवर हक्क आहे पण नोंद नाही, समुद्रावर नोंद आहे पण अंमल नाही. दोन्हीकडे नुकसान गावात राहणाऱ्याचेच होते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अडचणीचा आक्षेप मला माहीत आहे. सामाईक सातबाऱ्यामुळेच तर कोकणच्या जमिनी आजवर वाचल्या, वीस सह्या जमत नाहीत म्हणून दलाल फिरकत नाहीत. हिस्से वेगळे केलेत तर विक्रीला मोकळे रान मिळेल. यात तथ्य आहे आणि काही गावे या गुंत्यामुळेच बचावली असतील. पण दलालांना सगळ्या सह्या लागतच नाहीत. ते बाहेरगावच्या एकाच गरजू हिस्सेदाराला गाठतात, त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात लिहून घेतात, आणि मग आपण ‘हिस्सेदार’ आहोत म्हणून कुंपण घालायला येतात. गावात कसत असलेल्या भावाला कळते तेव्हा दस्त झालेला असतो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसाने आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. गावात किती जणांना हे माहीत आहे? ज्याचा हिस्सा मोजून, दगड रोवून वेगळा झालेला आहे, त्याच्या शेजारचा तुकडा विकला गेला तरी त्याचे घर आणि त्याची बाव सुटत नाही. सामाईकात अडकलेल्याचे मात्र सगळेच पणाला लागते. भूसंपादनातही तेच. महामार्गाचा मोबदला वीस नावांत वाटायचा म्हणून प्रकरण न्यायालयात जाते आणि खरा कसणारा तारखांना फिरतो. म्हणून शक्तिपीठाला विरोध करणाऱ्यालाही आणि त्याचे स्वागत करणाऱ्यालाही आधी हेच मागावे लागेल.

त्यासाठी करायचे काय, हेही अवघड नाही. कोकणातल्या भातशेतीच्या पायऱ्यांना तुकडेबंदीतून स्पष्ट सवलत द्यावी. लेखी, मुदतीचा आणि कूळहक्क न लागणारा करार ग्रामपंचायतीतच नोंदवता येईल, अशी खात्रीची सोय करावी, म्हणजे मुंबईचा हिस्सेदार गावातल्या भावाला जमीन विश्वासाने देईल. फळबागेच्या अनुदानासाठी सगळ्या संमतीपत्रांऐवजी प्रत्यक्ष कसणाऱ्याची वहिवाट आणि ग्रामसभेचा ठराव ग्राह्य धरावा. आणि वाटपाची शिबिरे चतुर्थीला घ्यावीत. वर्षातले तेवढेच दिवस असे असतात की सातबाऱ्यावरची बहुतेक नावे एकाच माजघरात आरतीला उभी असतात: मुंबईचा काका, पुण्याची आत्या, बडोद्याचा चुलत भाऊ. नेमक्या त्याच दिवसांत तलाठी आणि भूकरमापक सुटीवर असतात. त्यांना नंतर बदली रजा द्या, जादा भत्ता द्या, पण त्या आठवड्यात मंडळ अधिकारी आणि मोजणीचे यंत्र वाडीत हवे. सुरुवात आठही तालुक्यांत एकदम करायची गरज नाही. वैभववाडीसारखा एक लहान तालुका घ्यावा, तीन चतुर्थींत तिथले वाटप पुरे करावे, आणि त्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीने पर्यटनाच्या निधीतून काढावा. यासाठी मंत्रालयातून नवा प्रकल्प मंजूर करून आणावा लागत नाही. येत्या ग्रामसभांनी ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावेत आणि महामार्गाच्या बैठकीत बाजूने वा विरोधात बोलायला उठणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आधी विचारावे, आमच्या वाडीची मोजणी कधी लावताय?